केबल नेट आणि जॉबरकाकांचा शुक्रवार

भिवंडीत केबल नेटच्या ऑफिसात दोन वर्षं काढलेल्या माणसाला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. फोन वाजला की किस्सा! कंप्लेंटच्या रजिस्टरमध्ये आम्ही फक्त 'नेट स्लो', 'नेट बंद', 'येतं-जातं' एवढंच लिहायचो. बाकीचं चहाबरोबर एकमेकांना सांगायचो. रजिस्टर भरलं की रद्दीत जायचं, सांगितलेलं मात्र राहिलं. अजूनही मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "ए, तो एमबी गळणारा सांग ना!" मी सांगतो, सगळे हसतात. एक किस्सा मात्र मी नेहमी शेवटी ठेवतो, आणि तिथवर आलो की काहीतरी काम आठवल्यासारखं करून उठतो.

आज उठणार नाही.

*

आधी ऑफिस सांगतो. मालक दामूशेठ. पूर्णा गावची भातशेती गोडाऊनवाल्यांना दिली, आलेल्या पैशात आधी केबल टीव्ही टाकला आणि मग त्याच छपरांवरून इंटरनेटची वायर ओढली. वायरीवर चढणारा अन्वरभाई. दहा वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवून या धंद्यात आलेला, त्यामुळे पत्र्याच्या कुठल्या छपरावर पाय ठेवायचा आणि कुठल्या नाही हे त्याला पाठ. आणि तिसरा मी. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, ताजा ताजा! मला पवईत नोकरी मिळत होती. पण माझं ठाम मत होतं की ज्या गावात कॉलेजच्या लायब्ररीत धड पुस्तकं नाहीत, तिथे घराघरात नेट पोचवणं हेच खरं काम. हे मी मुलाखतीतच दामूशेठना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरा हायेस. सकाली नवाला ये."

नवीन गिऱ्हाईक आलं की दामूशेठ डेमो दाखवायचे. काचेच्या टेबलावर मॉनिटर, त्यावर एक धबधब्याचा व्हिडिओ. क्लिक केलं की फाडकन चालू! गिऱ्हाईक तोंड उघडं ठेवून बघायचं. त्या काळी घरच्या डायलअपवर साधा फोटो उतरायला चहा पिऊन व्हायचा.

चौथ्या दिवशी मी पाहिलं, की तो धबधबा इंटरनेटवरून येतच नव्हता. मागच्या खोलीतल्या आमच्याच मशीनमध्ये साठवलेला होता. समोर एक गोडाऊनचा मॅनेजर फॉर्म भरत बसला होता. मी त्याच्या देखत म्हणालो, "शेठ, हा आपल्याच हार्ड डिस्कवर आहे. घरी याच्या निम्मापण स्पीड येणार नाही."

मॅनेजर हसला आणि फॉर्मवर सही करून निघून गेला. त्याला हे माहीतच होतं!

दामूशेठ माझ्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, "इंजिनेर, तू भिवंडीचा ना? कापडाचा तागा दाखवताना चांगली बाजू वर ठेवतात. येवढं कलत न्हाय?"

त्या दिवशी मी राजीनामा टाइप केला. प्रिंटरची शाई संपली होती, म्हणून राहिला.

*

आमची वायर छपरावरून छपरावर जायची आणि प्रत्येक गल्लीत तिला एक छोटी पेटी लागायची. पेटीला वीज लागते. मग गल्लीतल्या एखाद्या घरात ती ठेवायची आणि बदल्यात त्या घराला नेट फुकट. एका गल्लीत ती मोकाशीवहिनींच्या फ्रिजवर होती.

एकदा ती गल्ली दोन दिवस बंद. फोनवर फोन. अन्वरभाईने उन्हात प्रत्येक छप्पर पालथं घातलं, प्रत्येक जोड उघडून पाहिला. वायर ठणठणीत. शेवटी लक्षात आलं, वहिनींच्या दाराला कुलूप आहे. लग्नाला नाशिकला गेलेल्या. आणि जाताना कुठलीही नीटनेटकी बाई करेल तेच त्यांनी केलं होतं. मेन स्विच बंद!

मी फोन लावला. "वहिनी, असं न सांगता बंद करायचं नाही. तेवीस घरं बंद पडलीत."

"माझ्या फ्रिजवर तेवीस घरं चालतात?"

"हो."

मग वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्ही मला फुकट नेट देऊन उपकार केल्यासारखं बोलत होतात!"

त्यानंतर त्या गल्लीचं राजकारणच बदललं. पाण्याच्या वेळेवरून, कचऱ्याच्या डब्यावरून, कशावरूनही भांडण निघालं की वहिनी दारात उभ्या राहून शांतपणे एवढंच म्हणायच्या, "उद्या मी फ्रिज डीफ्रॉस्ट करणार आहे हं."

समोरची बाई घरात!

*

आता एमबी गळणारा. आमचे प्लॅन एमबीवर असायचे. महिन्याला अमुक इतके, संपले की बंद. एक रिटायर्ड हेडमास्तर दर महिन्याच्या बारा-तेरा तारखेला ऑफिसात यायचे. "आम्ही नेट कधीमधीच लावतो, तरी एमबी संपतात. मीटर फास्ट आहे तुमचा!"

मी त्यांच्या घरी गेलो. कॉम्प्युटर झाकलेला. आमची वायर मागून उपटलेली, तिच्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर रबरबँड, आणि ते टोक भिंतीवर उंच खिळ्याला बांधलेलं.

"सर, हे काय?"

"खाली लोंबत ठेवली की गळतं ना!"

मी अर्धा तास समजावलं. मग मशीन तपासलं. आत व्हायरस भरला होता. सर वायर जोडून नातवाचा फोटो बघत बसले, की तेवढ्या वेळात तो मागच्या मागे ढिगाने कचरा बाहेर पाठवत होता. मी तो साफ केला. पुढच्या महिन्यात एमबी तीस तारखेपर्यंत पुरले.

महिन्याभराने मी त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कामाला गेलो. तिथल्या प्रत्येक घरात आमची वायर खिळ्याला उंच बांधलेली! सरांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं, "मी स्वतः प्रयोग करून पाहिलाय. फरक पडतो."

सगळे या किश्श्याला हसतात. मला त्या दिवशी रडू येत होतं. मी त्यांना ज्ञान द्यायला गेलो होतो, आणि पिशवी विकून आलो होतो!

पण त्या मशीनमधून मी एक गोष्ट शिकलो. घरातला माणूस नेटवरून दहा भाग घेतो तेव्हा जेमतेम एक भाग पाठवतो. जे मशीन घेतं तेवढंच पाठवायला लागतं, ते आजारी. हे मी वहीत लिहून ठेवलं, खाली दोन रेघा मारल्या. त्या रेघांवर पुढे येतो.

*

जॉबरकाका आमच्याकडे आले ते एका सोमवारी. नाव महादू. जॉबर म्हणजे लूम बिघडला की तो दुरुस्त करणारा मिस्त्री. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेली, दोन्ही कान गेलेले. पण काम सुटलं नव्हतं. ते लूमच्या लोखंडावर तळहात ठेवायचे आणि हाताला लागणाऱ्या थरथरीवरून सांगायचे, कुठला भाग सैल झालाय. कामतघरला चाळीत एकटे राहायचे. बायको गेलेली. एकच मुलगी, नलू, कुवेतला नर्स. सुट्टीवर आली तेव्हा तिने बापाला कॉम्प्युटर घेऊन दिला, कॅमेरा लावून दिला, आणि त्याला लिहिता-वाचता येत नाही म्हणून माऊसच्या ज्या बटणाला बोट लावायचं त्यावर लाल नेलपेंट लावून गेली.

काकांनी आत आल्या आल्या आमच्या मशीनवर तळहात ठेवला. "चालू हाय," म्हणाले. आवाज एवढा मोठा की रस्त्यावरचा माणूस वळून बघेल.

दामूशेठनी धबधबा लावला, प्लॅन सांगितला, एमबी सांगितले, शेजारच्या केबलवाल्यापेक्षा आपण कसे बरे ते सांगितलं. काका शांतपणे त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शेठ काय बोल्ले? मिशी हलली, बोललेलं काय दिसलं न्हाय."

अन्वरभाई तोंडावर हात ठेवून बाहेर पळाला. लूमवर एवढा आवाज असतो की तिथे कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, सगळे एकमेकांच्या ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतात. शेठच्या मिशा ओठांवर उतरलेल्या.

मग मी बोललो. काकांनी एकच प्रश्न विचारला. आमच्या ऑफिसात आलेल्या प्रत्येकाने स्पीड विचारला होता, एमबी विचारले होते. काकांनी विचारलं, "शुक्रवार, अकरा ते बारा. चालंल का?"

शुक्रवारी लूम बंद असतात आणि कुवेतलाही शुक्रवारची सुट्टी. मी खरं ते सांगितलं. "लाईट गेली तर बंद पडेल. पेटी ज्यांच्या घरात आहे त्यांनी मेन बंद केला तरी पडेल. एरवी चालेल."

"त्या दुसऱ्या केबलवाल्यानं सांगितलं, कदी बंद पडनारच न्हाय."

"खोटं सांगितलं."

काकांनी माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं आणि खिशातून फॉर्मसाठी आणलेला फोटो काढला. "तुजे ओठ साफ हायेत," म्हणाले.

दोन वर्षांत माझ्या खरं बोलण्यावर कनेक्शन घेतलेला हा एकच माणूस!

*

वायर जोडली त्या शुक्रवारी अन्वरभाई आणि मी त्यांच्या घरी थांबलो. काकांनी लाल बटण दाबलं, स्क्रीनवर नलू आली. आणि मग खोलीत एकदम शांतता. आवाजच नाही! ती लहानपणी बापाचा डबा घेऊन लूमवर जायची, तिथेच ही बोली शिकली. दोघांचे ओठ हलत होते, हात हलत होते, काका मांडीवर थाप मारून हसत होते, आणि मी उभा राहून एका मूकपटाला उशिरा आलेल्या माणसासारखा बघत होतो.

"काय चाललंय?" मी अन्वरभाईला विचारलं. तो त्यांची बोली वाचत होता.

"बोल रही है, ये लंबा लड़का कौन है. चाचा बोले, वायरवाला है, खाता कम है."

पुढे काका अधूनमधून ऑफिसात यायला लागले. दामूशेठ टेबलामागे बसलेले, अन्वरभाई दारात, काका रस्त्यापलीकडे टपरीवर. दोघं एक अक्षर न काढता शेठसमोर शेठचीच यथेच्छ निंदा करायचे! शेठ पेपर वाचत असायचे. एकदा मान वर करून म्हणाले, "अन्वर, डास चावतात का रं? तोंड का वाकडं करतंस?"

"जी शेठ, बहोत मच्छर है," अन्वरभाई म्हणाला.

पलीकडे काकांच्या हातातला चहा सांडला.

*

आता त्या दोन रेघा.

कंप्लेंट वाढल्या होत्या. आठवड्यातून दोन-तीनदा सगळ्या लाईनचा स्पीड खाली बसायचा. माझी खात्री होती की पाच-सात घरांतली आजारी मशीनं बाकी सगळ्यांचं नेट खातायत. मी सहा आठवडे रविवारीसुद्धा बसून एक प्रोग्राम लिहिला. कोण किती घेतो, किती पाठवतो, याचा आलेख. आणि जो घेतो तेवढंच पाठवतो, त्याचं पाठवणं आपोआप आवळायचं. म्हणजे त्याला चित्रं दिसतील, पानं उघडतील, पण त्याच्याकडून बाहेर जाणारी वाट चिमटीएवढी होईल. मग तो फोन करेल, आम्ही जाऊन मशीन साफ करू, आणि वाट मोकळी.

दामूशेठनी स्क्रीन पाहिला. "ह्ये नुसते नंबर हायेत. नावं कुटं?"

"नावं मुद्दाम काढलीत. नाव दिसलं की ओळख आली, ओळख आली की वशिला आला. नियम सगळ्यांना सारखा."

"आन् आपला मानूस असला तर?"

"तर त्यालाही सारखा!"

"आरं, मानूस हाय का नंबर हाय ते तरी बग," शेठ म्हणाले आणि उठले. मला त्यांची कीव आली. हाच तो जुना विचार, म्हटलं, ज्याने या गावाचं वाटोळं केलं!

पहिल्या आठवड्यात सात नंबर सापडले. सहा जणांचे फोन आले. सहाही ठिकाणी व्हायरस निघाला, एका घरी तर मला पेढे मिळाले. लाईन सुधारली. मी हवेत होतो. सातव्याचा फोनच आला नाही. मी मनात म्हटलं, ज्याची कंप्लेंट नाही त्याला त्रास नाही.

*

त्यानंतरच्या शनिवारी जॉबरकाका ऑफिसात. "नलू मला दिसते. मी तिला दिसत न्हाय."

मी घरी जाऊन पाहिलं. पानं झरझर उघडत होती. त्यांच्याकडे येणारा स्पीड पूर्ण. "काका, लाईन एकदम ओके. कॅमेऱ्याचा प्रॉब्लेम आहे."

काकांनी नवा कॅमेरा आणला.

पुढच्या शनिवारी परत. "न्हाय दिसत." अन्वरभाई काकांचे हातवारे वाचून म्हणाला, "बेटी बोल रही थी, बाबा हिलते ही नहीं, फोटो बन गये हैं." मी म्हटलं, उजेड कमी असेल. काकांनी समोर ट्यूबलाईट लावली, पाठीमागे लूमवरचं कोरं पांढरं कापड ताणून बांधलं.

त्याच्या पुढच्या शनिवारी काका आले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. त्यांनी मिशी काढली होती. वरचा ओठ लहान मुलासारखा कोवळा दिसत होता. "आता तरी दिसंल," म्हणाले.

मी वैतागलो होतो, हे कबूल करतो. पंधरा कंप्लेंट पडल्या होत्या आणि हे तिसऱ्यांदा! मी सरळ विचारलं, "काका, तुम्हाला ती दिसते ना स्वच्छ? मग एवढी घाई कशाची?"

तेव्हा काकांनी टपरीवरून हातवाऱ्यांनी सांगितलेलं अन्वरभाईने मला सांगितलं. नलूच्या हॉस्पिटलने तिला अजून दोन वर्षं राहायचं का विचारलं होतं. महिनाअखेरीच्या आत सांगायचं होतं. ती बापाला तीन शुक्रवार विचारत होती, आणि बाप तीन शुक्रवार तिला एकच गोष्ट सांगत होता. परत ये. तिचा प्रश्न त्यांना स्पष्ट दिसत होता. त्यांचं उत्तर तिच्यापर्यंत जात नव्हतं.

"मग नंबर द्या," मी म्हणालो. "मी आत्ता फोन करून सांगतो तिला."

काकांनी मान हलवली. "ह्ये तुज्या तोंडानं कसं सांगू?"

"तुम्ही बोला फोनवर. तुम्हाला ऐकू नाही आलं तरी तिला जाईल."

"मला हलू बोलता येत न्हाय आता," काका म्हणाले. "मागं येकदा बोल्लो फोनवर. मला वाटलं नेहमीसारकं बोलतोय. ती रडायलाच लागली, म्हने कोन मेलं. आन् सगली चाल दारात." मग म्हणाले, "आन् ती काय म्हनते ते बगायला नको?"

मी म्हणालो, "बघतो." रजिस्टरमध्ये लिहिलं, 'चित्र ओके. कस्टमरची समजूत काढली.'

*

बुधवारी दामूशेठना आलेखाची प्रिंट हवी होती. मी सातवा नंबर निकालात काढावा म्हणून पहिल्यांदा त्या नंबरासमोरचं नाव काढून पाहिलं.

महादू. कामतघर.

बरोबर होतं. त्या माणसाने नेटवरून दुसरं काही कधी केलंच नव्हतं. एक गाणं नाही, एक पेपर नाही. आठवड्यातून एक तास, नलूचे हात इकडे आणि काकांचे हात तिकडे. घेतो तेवढंच पाठवणारा अख्ख्या लाईनवर तो एकच निरोगी माणूस होता. आणि फोन करा, आम्ही येऊ, असा माझा नियम. फोन! कुणाला, तर त्यांना!

एक बटण दाबलं. आवळलेलं सुटलं. अर्धा सेकंद लागला.

दामूशेठना सांगितलं. वाटलं, आता ऐकवतील. ते म्हणाले, "शुक्रवारी तिकडंच जा. हिकडं मी बगतो."

*

शुक्रवारी अकराला पाच मिनिटं असताना अन्वरभाई आणि मी कामतघरला पोचलो. मी रस्ताभर वाक्य जुळवत होतो. काका, चूक माझी होती, तुमची वाट मीच बंद केली होती. ओठ साफ दिसतील असं म्हणायचं, अशी तालीम चालली होती. काकांनी आम्हाला बघून मान हलवली, मशीनवर तळहात ठेवला आणि लाल बटण दाबलं.

नलू आली. आणि एकदम तिचे दोन्ही हात वर गेले. तिला बाप दिसला होता! ती हसत होती, नाकाखाली बोट फिरवून मिशी कुठे गेली विचारत होती. काकांनी ओठावर हात झाकला, लाजले. मग सरसावून बसले. हात मांडीवरून उचलले.

त्याआधीच ती बोलायला लागली.

"क्या बोल रही है?" मी अन्वरभाईच्या कानाशी म्हणालो.

"बोल रही है..." अन्वरभाई म्हणाला, "कागज पे साइन कर दिया. दो साल का. परसों. बोल रही है, हर फोटो में तुम्हारा हाथ ऊपर था बाबा, मेरे को कुछ समझा ही नहीं. मेरे को लगा, तुम बोल रहे हो रुक जा."

काकांचे उचललेले हात तसेच होते.

"अब पूछ रही है, तुम यही बोल रहे थे ना?"

बाहेर सगळे लूम बंद. अख्ख्या कामतघरात आवाज नव्हता. काकांनी मान डोलावली. दोनदा. मग हात हलायला लागले, ओठ हलायला लागले, भरभर, पहिल्या शुक्रवारसारखे.

"आता काय म्हणाले?"

"पूछ रहे हैं, उधर गरमी कितनी है. कूलर लिया क्या."

नलू कूलर दाखवायला उठली. स्क्रीनवर रिकामी खुर्ची. मला वाटलं, हीच वेळ. मी काकांच्या शेजारी उभं राहून म्हणालो, "काका, तुमची लाईन मी बंद केली होती. तीन आठवडे. मीच."

काकांची नजर रिकाम्या खुर्चीवर होती.

"सामने जाके बोल," अन्वरभाई मागून म्हणाला. "ऐसे क्या बोलता है? दीवार से बोल रहा है क्या?"

मी पुढे गेलो. कॉम्प्युटरसमोर, काकांच्या तोंडासमोर उभा राहिलो. ओठ साफ दिसतील असं तोंड उघडलं.

काकांनी माझ्या पोटाला हात लावला आणि मला हळूच बाजूला सारलं.

"सरक रं," ते म्हणाले. "पोरगी दिसत न्हाय."